पातेल्याचा दावा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले तेव्हा वीस वर्षांची होते आणि फारशी शहाणी नव्हते. शिवाय ते कोर्ट म्हणजे आमच्या गावची चावडी होती आणि तिला पायऱ्या दोनच होत्या.

गाव पिंपरी आणि चिंचवडच्या मधलं, पवनेच्या काठचं. पन्नासचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि साताऱ्याकडून, मराठवाड्यातून, आमच्या कोकणातून माणसं कामाला येत होती. आमचे हे त्यातलेच. लग्नानंतर चार महिन्यांनी मी त्यांच्यामागोमाग चिपळूणहून आले. एका शेतकऱ्यानं गोठ्याला लागून पत्र्याच्या सहा खोल्या काढल्या होत्या, त्यातली कडेची आमची. गावातले लोक आम्हाला 'खोलीवाले' म्हणत आणि आम्ही त्यांना 'गाववाले'. भांडण काही नव्हतं, पण विहिरीवर पाण्याला गेलं की दोन रांगा आपोआप व्हायच्या.

माझ्या संसारात म्हणावी अशी वस्तू एकच होती, एक पितळी पातेलं. नवं घेऊन देण्यासारखी माहेरची परिस्थिती नव्हती. म्हणून आईनं चुलीवरचं आपलं रोजचं पातेलं उतरवलं, चिंच लावून घासलं आणि बाजारातल्या तांबटाकडून त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी माझं सासरचं नाव घालून घेतलं. नुसतं नाव. तांबटानं विचारलं, "आडनाव?" तर आई म्हणाली, "कशाला? पातेलं काय पोस्टानं पाठवायचंय?"

हे नाव त्या काळी इतकं वापरातलं होतं की विहिरीवर कुणी हाक मारली तर तीन बाया वळून बघायच्या. ते इथं लिहीत नाही. लिहून उलगडा होण्याऐवजी घोटाळाच व्हायचा, तेव्हा झाला तसा.

दिवाळीला पंधरा दिवस असताना चिंचवडहून कल्हईवाले चाचा आले. देवळामागच्या कडुलिंबाखाली त्यांनी खड्डा खणून कोळसे पेटवले. त्यांची बायको भाता ओढायला बसली. गावातली आणि खोल्यांतली सगळी पितळ त्या झाडाखाली जमली. चाचा तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकत, पांढरा धूर भसकन वर यायचा, मग कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं एकच हात. काळपट भांडं आतून आरशासारखं व्हायचं. मी कितीतरी वेळ बघत उभी राहिले होते. संध्याकाळी भांडी न्यायला गेले तेव्हा चाचांनी विचारलं, "नाव काय, भाबी?" मी सांगितलं. त्यांच्या बायकोनं ढिगातून पातेलं काढून माझ्या हातात दिलं. काठावर माझं नाव होतं. मी घरी आणलं.

पाडव्याला ह्यांनी कारखान्यातल्या चार जणांना जेवायला बोलावलं. चौघंही एकटे राहणारे, खानावळीत जेवणारे. लग्न होऊन आल्यावर माझ्या हातची ही पहिलीच पंगत. चिपळूणहून आणलेले तांदूळ संपले होते, म्हणून ह्यांनी खास मावळातून तांदूळ आणून दिले. माझी आई त्या पातेल्यात आठ माणसांचा भात सहज करायची, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मी सहा जणांचा टाकला आणि निर्धास्त मनानं भाजी चिरायला बसले.

थोड्या वेळानं फसफस ऐकू आली. वळून बघते तर भातानं झाकण उचललंय आणि तो चारी बाजूंनी खाली उतरतोय. मी वाटीनं काढायला गेले तर आणखी वर आला. पेजेनं चूल विझली. पुन्हा पेटवेपर्यंत वरचा भात कच्चा आणि खालचा करपलेला. त्या चौघा भल्या माणसांनी तो मुकाट्यानं खाल्ला. एक तर म्हणाला, "वहिनी, खरपुडी मला फार आवडते." मला रडूच कोसळलं.

सगळे गेल्यावर मी पातेलं उपडं केलं, सुलटं केलं, आत हात घालून बघितला. माझी खात्री झाली.

"हे आपलं पातेलं नाही," मी ह्यांना म्हटलं. "आपलं मोठं होतं."

"नाव तर तुझंच आहे."

"नाव असू दे. बदललंय."

ह्यांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाळीची वेळ झाली म्हणून सायकल काढली. पाळीला अजून तासभर होता.

दोन दिवसांनी मी नदीवर धुणं घेऊन गेले. पलीकडच्या दगडावर गावातली एक बाई राखेनं पातेलं घासत होती. तिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. तिच्या घरी सात म्हशी होत्या आणि आमच्या सहाही खोल्यांना दूध तिच्याकडूनच यायचं. माझी नजर पातेल्यावर गेली. ऐसपैस, आतून नवी कल्हई. मी जवळ गेले. काठावर ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं.

"हे पातेलं माझं आहे," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. "तुजं कसं? नाव बघ की त्याच्यावर."

"नाव माझंच आहे."

"तुजं नाव काय?"

मी सांगितलं. तिनं राखेचे हात पाण्यात बुडवले आणि कमरेवर ठेवले.

"आगं, ते तर माजं नाव हाय!"

एवढ्यावर दोघी हसलो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मला पंगतीतली करपलेली शितं आठवत होती. मी म्हणाले, कल्हईच्या दिवशी अदलाबदल झाली आणि तुम्ही मोठं बघून गप्प बसलात. ती उभीच राहिली. "माज्या बापानं मावळातनं बैलगाडीत घालून आनलंय ह्ये. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायची आमाला सवं न्हाई!" मग मी काहीतरी बोलले, ती काहीतरी बोलली आणि नदीवरच्या सगळ्या बायकांची धुणी थांबली.

त्या दिवसापासून विहिरीवरच्या दोन रांगा खरोखरच दोन झाल्या. खोलीवाल्या बायकांनी तिचं दूध बंद केलं आणि मैलभर लांबून आणायला लागल्या. गाववाल्या बायका आम्हाला पोहरा देईनात. मला सगळ्यांत जास्त लागायला हवी होती ती गोष्ट मात्र तेव्हा लागली नाही. चाचा पुन्हा आले, दिवसभर झाडाखाली बसले आणि दोन तांबे करून परत गेले. दोन्हीकडच्या बायका एका बाबतीत एकमतानं म्हणत होत्या की घोटाळा कल्हईवाल्यानं केला, कदाचित मुद्दाम.

आमच्या घरमालकीण मावशी गावातल्याच, पण भाडं आमचं घेत असल्यामुळे दोन्हीकडून बोलायच्या. एक दिवस त्या वैतागल्या. "रोज उठून त्वांड वाजवायापरास न्यायपंचायतीत जा की. तालुक्याला जायाला नगं, वकील नगं. आपलं तोंड आन् आपलं गाऱ्हानं."

आसपासच्या तीन-चार गावांची मिळून ती न्यायपंचायत होती. कुणाच्या गुरांनी कुणाचं पीक खाल्लं, कुणी नेलेलं औत परत दिलं नाही, असले लहानसहान दावे तिथं चालत. वकिलाला मज्जावच होता. प्रत्येकानं आपलं आपण बोलायचं. ह्यांना मी सांगितलं तर ते म्हणाले, "एका पातेल्यासाठी?" मी म्हटलं, "एका आईसाठी." हे वाक्य मला तेव्हा फार जोरदार वाटलं होतं.

न्यायपंचायतीचे चिटणीस म्हणजे शाळेतले मास्तर. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी विचारलं, "अर्ज यजमानांच्या नावानं ना?"

"नाही. पातेलं माझं आहे."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "लिहायला येतं?"

"सातवी झालेय."

त्यांनी कागद पुढं केला. मी बाकावर बसून दीड पान लिहिलं. मास्तरांनी ते वाचलं आणि लाल पेन्सिल काढली, वहीच तपासायला घेतल्यासारखी. "'सदर बाई उद्धट आहे' हे काढा. उद्धटपणाचा निवाडा पंचायत करत नाही. आणि इथं 'चोरले' लिहिलंय. चोरी बघितलीत का तुम्ही?"

"नाही."

"मग 'बदलले गेले' लिहा. एकदा चोरी म्हटलं की ती बाई जन्मभर चोर होते, मग निकाल काहीही लागो."

मला ते पटलं नाही, पण मी लिहिलं. खाली सही केली. शाळा सुटल्यानंतर कुठं सही करण्याची ती पहिलीच वेळ. घरी येताना मला उगाच उंच झाल्यासारखं वाटत होतं.

सुनावणी रविवारी सकाळी होती. चावडीत मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बायका तिथून जाताना पदर सावरून पलीकडच्या कडेनं जायच्या. आत सतरंजी, एक टेबल आणि पाच पंच. त्यांचे प्रमुख म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. नंतर काही वर्षं देहूरोडच्या डेपोत काढून आता ते घरची शेती बघत होते. मिशा पांढऱ्या आणि पाठ सरळ. दारात आणि खिडक्यांत सगळं गाव आणि सगळ्या खोल्या लोटल्या होत्या. आमचे हे बाहेर पिंपळाखाली सायकल धरून उभे होते. आत यायला लाजत होते आणि घरी जायला धजत नव्हते.

मास्तरांनी वही उघडून नाव पुकारलं. मी उभी राहिले. तीही उभी राहिली.

"वादी कोण?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. तो शब्द तिला ठाऊक नव्हता आणि मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

मास्तरांनी पुन्हा नाव पुकारलं. आम्ही दोघी एकदमच "हो" म्हणालो. खिडकीत हशा पिकला. सुभेदारांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "मास्तर, ही खोलीवाली वादी. ती प्रतिवादी. नावं आता घेऊच नका."

"म्या न्हाई प्रतिवादी," ती म्हणाली. "म्या कुनाच्या वाटंला गेली न्हाई."

"अहो बाई, ती शिवी नव्हे. तुमच्यावर दावा झालाय एवढाच त्याचा अर्थ."

"मग ती शिवीच की!"

या वेळी पंचही हसले. मी मात्र हसले नाही. मला वाटलं, गाव तिचं, पंच तिच्या ओळखीचे, इथं माझं कोण ऐकणार?

दोन्ही पातेली टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तिचं दोन बोटं मोठं होतं. दोन्हीच्या काठावर तेच नाव. अक्षरांची वळणं बघायला पंचांनी माना पुढं केल्या, पण ठिपक्यांना कसलं वळण? सुभेदारांनी मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. आई, तांबट, आठ माणसांचा भात, पाडव्याची पंगत. बोलता बोलता आवाज मोकळा झाला. कुणी मध्ये बोललं नाही. मी सांगून होईपर्यंत पाचही पंच ऐकत राहिले. इतकी माणसं गप्प बसून आपलं ऐकताहेत हा अनुभव मला नवीन होता.

मग ती बोलली. तिनं एवढंच सांगितलं की पातेलं लग्नातलं आहे, बारा वर्षं रोज त्यात दूध तापतंय आणि आपल्या वस्तूला आपण ओळखत नाही असं कुठं होतं का. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटी कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. ते चिंचवडहून चालत आले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. एरवी कोळशानं काळे असणारे हात घासून घासून लाल केलेले. त्यांची बायको दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली.

"कुणाचं पातेलं कुणाला दिलंत?" सुभेदारांनी विचारलं.

"साहेब, या नावाची दोन पातेली होती हे मला ठाऊकच नव्हतं. नाव विचारलं, माझी बायको काढून देत गेली. तिला वाचता येतं, मला येत नाही. पहिल्या बाईला जे हाताला लागलं ते गेलं असेल."

बाहेर कुजबुज झाली. म्हणजे बदललं असू शकतं! माझी मान ताठ झाली.

"पण मला भांडं नावावरून ओळखू येत नसलं, तरी आवाजावरून येतं," चाचा म्हणाले. "हुकूम असेल तर वाजवून बघतो."

त्यांनी तिचं पातेलं बोटांच्या पेरांवर तोललं आणि बुडावर टिचकी मारली. टणण् असा आवाज आला आणि चावडीभर फिरला. मग त्यांनी मी घरून आणलेलं पातेलं उचललं आणि टिचकी मारली. बद्द. परत मारली. बद्द.

"याच्या बुडाला ठिगळ आहे," चाचा म्हणाले. "भोक पडलं होतं, कुणीतरी बुजवलंय. माझं काम नाही, जुनं आहे. वरून काजळी बसलीय म्हणून दिसत नाही."

सुभेदार तिच्याकडे वळले. "तुमच्या पातेल्याला ठिगळ होतं?"

"न्हाई. कवाच न्हाई."

मग माझ्याकडे. "आणि तुमच्या?"

पहिलं 'बद्द' ऐकलं तेव्हाच मला सगळं दिसलं होतं. मी पाच-सहा वर्षांची असेन. आमच्या पडवीत आई त्या पातेल्यात पाणी भरून उजेडाकडे धरून बघते आहे. खाली थेंब, थेंब. काही दिवस ती भोकावर तांदळाच्या पिठाचा गोळा दाबून भात लावायची. मग एकदा बाजारातून एक कारागीर आला आणि त्यानं पितळेचा चिंचोक्याएवढा तुकडा बसवला. मी त्याच्यासमोर उकिडवी बसून ते सगळं बघितलं होतं. वर्षानुवर्षं हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

आता ते फक्त मला ठाऊक होतं. आई चिपळूणला होती. मी "नाही" म्हटलं असतं तर दोघींचं सारखंच झालं असतं, आणि पंचांना पुन्हा नव्यानं विचार करावा लागला असता. बाहेर माझ्या बाजूच्या पाच खोल्या उभ्या होत्या, मैलभर लांबून दूध आणणाऱ्या. त्यांना काय तोंड दाखवू? खरं सांगते, मी गप्प राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. सुभेदारांनी घाई केली नाही. मी वर बघितलं तर दाराशी चाचांची बायको. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती दमणूक होती. ती काही त्या दिवशीच्या चालण्याची नव्हती.

"होतं," मी म्हणाले. "मी लहान असताना आईनं बसवून घेतलं होतं. हेच माझं पातेलं आहे. मी आणलं तेच. माझी चूक झाली."

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून विटकरीचा तुकडा काढला आणि बुडावरची काजळी खरवडली. खालून चिंचोका वर आला. त्यांनी तो सगळ्यांना फिरून दाखवला आणि पातेलं दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं.

"मग भात का उतू गेला?" एक पंच म्हणाले. त्यांना मघापासून तोच प्रश्न पडलेला दिसत होता. "पातेलं तेच, माणसं कमी, आणि भात उतू? हे काही जमत नाही."

पाचही पंच आणि मास्तरांनी यावर गंभीरपणे विचार सुरू केला. एक म्हणाले, चूल मोठी असेल. दुसरे म्हणाले, लहानपणी सगळंच मोठं दिसतं. ते खरंच होतं, पण भात त्यानं उतू जात नाही. एवढ्यात प्रतिवादी पुढं झाली.

"तांदूळ कंचा व्हता गं?" तिनं मला विचारलं.

"ह्यांनी मावळातून आणलेला. आंबेमोहोर म्हणाले."

"नवा का जुना?"

"जुना. दोन वर्षांचा, असं काहीतरी म्हणत होते."

तिनं कपाळावर हात मारला. "आरं द्येवा! जुना आंबेमोहोर आन् कोकनातल्या तांदळागत टाकलास? त्यो दुपटीवर फुगतोय, बाई! माज्या माहेरी तीन मानसांचं टाकत्यात आन् पाच जेवत्यात. पानी बी बोटभर जास्तीच घातलं आसशील!"

घातलं होतं. आईच्या मापानं घातलं होतं.

चावडी जी हसायला लागली ती थांबेना. सुभेदारांच्या मिशा हलत होत्या. खिडकीत मावशी पदर तोंडात धरून डोलत होत्या. आणि मी, भर चावडीत दावा हरलेली, इतकी हसले की मला सतरंजीवर बसावं लागलं. ती माझ्याशेजारी बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं माझ्याच पदराला पुसलं.

मास्तरांनी वहीत लिहिलं की वादीनं दावा मागं घेतला आणि उभयतांत समेट झाला. सुभेदार म्हणाले, "निकाल एवढाच. पण माझं एक सांगणं आहे. हुकूम नाही. या माणसाचा धंदा तुम्ही दोन्हीकडच्यांनी बुडवलात. त्याचं काय?"

मी उठून चाचांच्या बायकोकडे गेले. कशी माफी मागायची ते मला येत नव्हतं. मी म्हटलं, "भाबी, पुढच्या रविवारी याल? माझ्याकडे आणखी दोन भांडी आहेत." खरं तर एकच होतं. ती म्हणाली, "येतो की," आणि पहिल्यांदाच हसली. पुढच्या रविवारी त्या कडुलिंबाखाली इतकी पितळ जमली की चाचांना दोन दिवस मुक्काम करावा लागला. ज्यांच्या भांड्यांना गरज नव्हती त्यांनीही आणली होती. भाबींनी प्रत्येक बाईला आधी नाव विचारलं, मग नवऱ्याचं नाव विचारलं. ते घ्यायला बायका लाजायला लागल्या, तेव्हा शेवटी प्रत्येकीच्या भांड्याला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधली.

दाव्याच्या त्या दिवशी मी चावडीतून बाहेर आले तेव्हा हे अजून पिंपळाखालीच होते. हसण्याचा आवाज ऐकून त्यांना वाटलं होतं, मी जिंकले.

"काय झालं?"

"हरले."

"मग हसतेस काय?"

मी त्यांच्या सायकलच्या हँडलला पातेलं अडकवलं. घरापर्यंतच्या वाटेत सगळं सांगितलं. आंबेमोहोराशी आले तेव्हा ते थबकले आणि ओशाळून म्हणाले, "तांदूळ देणाऱ्या शेतकऱ्यानं मला सांगितलं होतं, की जरा कमी टाकायला सांगा म्हणून. मी विसरलो." त्यावर मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाची चरवी दारात होती. घालायला ती स्वतः आली होती. मी चहा टाकला. चुलीशी बसून तिनं तांदूळ हातावर घेऊन नवा-जुना ओळखायला मला शिकवलं, दाताखाली एक दाणा धरून. पाणी पेरानं कसं मोजायचं तेही. मग जरा घुटमळून म्हणाली, "काल त्या वहीत मास्तरांनी माजा आंगटा घेतला. तुजी सही झाली. मला बी शिकीव की." मी चुलीतला कोळसा घेतला आणि शहाबादी फरशीवर आमच्या दोघींचं नाव लिहिलं. तिला वेलांटी फार छळायची. महिनाभरात जमलं. गोठ्याच्या भिंतीवर, म्हशींच्या खुंट्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं ती कोळशानं नाव लिहीत सुटली. तिच्या सासूला वाटलं, सुनेच्या अंगात काहीतरी आलं.

त्या दाव्यानंतर माझं नाव गावात 'अर्जवाली' पडलं. खोलीवाल्या असोत की गाववाल्या, कुणाचं काही बिनसलं की बाई माझ्या दारात. न्यायपंचायत पुढं काही वर्षं चालली आणि तोवर मी पुष्कळ अर्ज लिहिले. मी एक नियम मात्र केला होता. लिहून झालं की अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा. आपलं भांडण शुद्ध मराठीत, ओळीनं, शिव्या गाळून ऐकलं की बायका विचारात पडायच्या. निम्म्याअधिक अर्ज तिथंच थांबायचे.

एकदा एक मराठवाड्यातली बाई आली. तिची कोंबडी शेजारणीच्या सरपणात अंडी घालायची आणि शेजारीण ती ठेवून घ्यायची. ती तावातावानं सांगत गेली, मी लिहीत गेले. मग वाचायला लागले: "अर्जदाराची कोंबडी प्रतिवादीच्या सरपणात स्वखुशीने जाऊन बसते..."

"थांबा," ती म्हणाली. "स्वखुशीने म्हणजे?"

"म्हणजे तिला कुणी नेत नाही. तिची ती जाते."

तिनं हनुवटीवर बोट ठेवलं. "तर मग कोंबडीवरच दावा लावावा लागंल की," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला कागद घेऊन, घडी घालून कमरेला खोचून शेजारणीकडे गेली. संध्याकाळी दोघी मिळून सरपण दोन घरांच्या मधोमध रचत होत्या.